दाजींचं नाव खाणारा प्रिंटर

चिंचवड गावठाण,
बुधवार, जेवणानंतर

तीर्थरूप दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे धोंडीबाचा, सविनय जयभीम.

तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली असं अक्काकडून कळलं. आता समोरचं स्वच्छ दिसत असेल, तर हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. (यात तुमच्या रागाचा विषय आहे. तो तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकायला बरा वाटत नाही.) डोळ्यात थेंब वेळेवर टाकता ना? अक्काची कंबर, थोरल्याचं दुकान, दारची म्हैस, सगळं ठीक असावं असं धरून चालतो. माझं विचाराल तर (तुम्ही विचारणार नाही, तुम्ही रुसलेले आहात, पण विचारलंत असं समजून सांगतो) गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी घरातल्या घरात काठी घेऊन फिरतो, रात्री झोप येत नाही, दुपारी आलेली जात नाही, आणि जरा कुठं फोन वाजला की आता कुणाचं काय झालं असंच वाटतं. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. नॉर्मल असताना हे असं, तर पुढं कसं, याचीच काळजी लागून राहते.

आता मुद्द्यावर येतो. परवा अक्काचा फोन आला. म्हणाली, धोंडू, तुझे दाजी लग्नाला येत नाहीत. का, म्हटलं. तर तुमचे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले: "आवताण मोबाईलवरून आलंय, मीबी मोबाईलवरूनच येईन. तिकडं फुलं पडायला लागली की मला व्हिडिओ लावा, मी हितं बाजेवर बसून टाळ्या वाजवतो." आम्रपालीचं लग्न, माझ्या बुद्धभूषणची पोरगी, घरातलं पहिलं नातवंड, जिचं नावसुद्धा तुम्ही ठेवलंत, तिच्या लग्नात दाजी नाहीत! लोक मला विचारतील, तुमचे दाजी दिसत नाहीत ते? मी काय सांगू, बाजेवर आहेत?

दाजी, ती मोबाईलची पत्रिका मी पाठवलेली नाही. ती आम्रपालीच्या निशिगंधा नावाच्या मैत्रिणीनं फोनवरच तयार केली आणि सूनबाई अंजलीनं एका बोटानं सगळ्या गणगोताला पाठवून दिली. उघडली की सनई वाजते, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि मग नवरा-नवरीचे हसरे फोटो. खाली निमंत्रकांची नावंच नाहीत! मी विचारलं तर अंजली म्हणाली, "बाबा, आजकाल एवढी नावं कुणी वाचत नाही." वाचत नाही? आपल्याकडं पत्रिकेत दुसरं वाचतात तरी काय? नवरा कोण, नवरी कोण हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. माणूस चष्मा लावतो तो थेट खाली जातो, आपलं नाव शोधतो, ते कुणाच्या वर आहे आणि कुणाच्या खाली आहे ते बघतो, आणि मग ठरवतो आहेर काय करायचा ते.

पहिली पत्रिका विहारात आणि दुसरी दाजींच्या हातात, हा आपल्या आईनं घालून दिलेला शिरस्ता. खरं तर मीच कळंबला यायला हवं होतं. पण डॉक्टरांनी एसटी बंद केली आहे, आणि बुद्धभूषणच्या चाकणच्या कंपनीत नवं मॉडेल निघतंय म्हणून त्याची सुट्टीसुद्धा ओव्हरटाइमला जाते. तेव्हा म्हटलं, कागदाची पत्रिका निदान पोस्टानं तरी पाठवावी. प्रेसवाले म्हणतात, शेकड्याखाली ऑर्डर घेत नाही. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणतो, "काका, पाठवायचीच आहे तर व्हॉट्सॲप करा की." (त्याला काय सांगणार!) शेवटी मी सगळ्या घरासमोर बोलून बसलो की, घरातच मशीन आणतो आणि माझ्या दाजींची पत्रिका मी स्वतः छापतो. मशीन कसलं असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण शब्द निघून गेला होता.

हे असं तोंडातून का निघालं, तर माझ्या लग्नाची पत्रिका डोळ्यांसमोर होती म्हणून. आठवतो ना तो चिंचवड स्टेशनकडचा पत्र्याच्या शेडमधला छापखाना? निवडणूक आली होती आणि छापखानेवाला उमेदवारांची हँडबिलं आधी काढत होता. तुम्ही कंपनीतली पाळी सुटली की सायकल थेट तिकडं घालायचात आणि मशीनच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायचात. "माझ्या मेहुण्याचं छापून झाल्याबिगर तुझा उमेदवार निवडून येत न्हाई," असं त्याला ठणकावलंत. तो चिमट्यानं अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा, पायानं मशीन दाबायचा, खडाक-खट, खडाक-खट, आणि गुलाबी कागदावर निळी अक्षरं उमटायची. शाईला रॉकेलचा वास. कुणी रुसू नये म्हणून तुम्ही आपल्या पत्रा दाबायच्या खात्यातली, प्रेसशॉपच्या सगळ्या पाळ्यांतली माणसं निमंत्रकांत घातलीत, फोरमनसाहेब घातलेत, कँटीनवालाही घातलात. शेवटी जागा उरेना, तेव्हा नवरीचं नाव बारीक टायपात गेलं. (त्यावरून ती मला शेवटपर्यंत बोलायची. "लग्न तुमच्या खात्याचं होतं, मी नुसती हजर होते." आज ती असती तर तिनं एका फोनमध्ये तुम्हाला बाजेवरून उठवलं असतं.) ओल्या पत्रिका काळेवाडीच्या खोलीत कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या. अक्का त्यांच्याखाली वाकून भाकरी थापत होती आणि तिच्या केसांना निळी शाई लागली. पुढं तुम्ही हँडलला पिशवी अडकवून दापोडी, खडकी, भोसरी, आकुर्डी सगळं पालथं घातलंत, घरोघर चहा प्यायलात आणि पोट धरून घरी आलात. एवढं ज्याच्यासाठी झालं, त्यानं एक पत्रिका छापू नये?

तर गेलो पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात. काउंटरवर गणराज म्हणून एक जण होता. माणूस भला, पण त्यानं प्रश्न सुरू केले. "आजोबा, महिन्याला साधारण किती प्रिंट?" मी म्हटलं, एक. "एक रीम?" मी म्हटलं, एक पान. दाजींना पाठवायचंय. त्यानं मालकाला बोलावलं. मालकानं मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. मग रंगीत का काळं, शाईचं का पावडरचं, वायफायचं का वायरीचं, झेरॉक्स निघणारं का नुसतं. दाजी, आमचे व्याही मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती. शेवटी मी म्हटलं, जे लवकर बिघडणार नाही ते द्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मालकानं मला आणखी एक ग्लास पाणी दिलं. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण घेतलं एकदाचं आणि रिक्षात मांडीवर धरून आणलं. (किंमत लिहीत नाही. अक्काला विचारूही देऊ नका.)

घरी खोका उघडला. थर्माकोल, पिशव्या, आत-बाहेर सगळीकडं नारिंगी चिकटपट्ट्या, जणू मशीन मार खाऊन दवाखान्यातून आलेलं आहे. अंजली कामावर जाताना सांगून गेली, बाबा हात लावू नका, मी संध्याकाळी जोडते. आता तुम्हीच सांगा, ज्यानं सगळी नोकरी प्रेसशॉपला तेलवाला म्हणून काढली, त्याच्यासमोर नवं मशीन कोरडं ठेवून जायचं म्हणजे त्याचं काय होईल? तुमचाच तो धडा: "धोंडू, मशीन मालकाचं असलं तरी कोरडं चालवायचं न्हाई. कोरडं मशीन आधी किंचाळतं, मग बोट खातं." खंडेनवमीला बाकीचे लोक मशीनला हार घालायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, हार ऱ्हाऊ दे, तेल घाल. मी बुद्धभूषणच्या आईच्या शिलाई मशीनची तेलाची बाटली काढली (अजून अर्धी आहे, कुणी वापरत नाही), झाकण उघडलं आणि आत जे जे फिरताना दिसलं त्याला थेंब थेंब सोडला. कागद ओढायचे रबरी रोळ होते, ते तर अगदीच कोरडे, बोटाला धरणारे. त्यांना जरा सढळ हातानं घातलं. मग जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसून हातानं फिरवून पाहिले. असे गुळगुळीत फिरायला लागले की मन भरून आलं.

त्या तेलाच्या वासानं मी तिथंच फरशीवर बसून राहिलो. काळेवाडीच्या खोलीत एकच गादी होती. तुमची पहिली पाळी, माझी तिसरी. तुम्ही उठून कामावर जायचात आणि मी कामावरून येऊन त्याच गादीवर पडायचो. तुमच्या अंगाचा तेलाचा वास तिला असायचा आणि तुमची ऊबही. थंडीच्या दिवसांतसुद्धा ती गादी कधी गार लागली नाही. आता डॉक्टरांनी सांगितलेली पाठीची खास गादी आहे माझ्याकडं. जाड आहे, मऊ आहे, आणि रोज गार लागते. असो. मी काय सांगत होतो? हां, मशीन.

संध्याकाळी अंजलीनं मशीन जोडायला घेतलं. त्यासाठी फोनमध्ये एक ॲप घ्यावं लागतं, आणि ते ॲप आधी आपलीच चौकशी करतं. नाव, गाव, देश, जन्मतारीख. मशीनला माझी जन्मतारीख कशाला? शाळेत मास्तरांनी एक जून लावली होती, तीच सांगितली. (अख्ख्या प्रेसशॉपचा वाढदिवस एक जूनला, यावरून साहेब लोक किती हसायचे!) मग त्याला वायफाय सापडेना, आणि सापडलं ते शेजाऱ्यांचं. सुरू झाल्यावर आधी घसा खाकरतं, आतल्या आत काहीतरी इकडून तिकडं सरकवतं, आता बोलणार असं वाटतं आणि गप्प होतं. थेट तुमचे वडील ओट्यावर बसायचे तसं. शेवटी बोललं ते काय, तर कागद नाही. अहो, कागदाचा गठ्ठा तोंडात असताना! आपला स्टोअरकीपर गोदाम भरलेलं असताना "माल नाही" म्हणायचा, त्याची आठवण झाली. प्रेसला पत्रा सरकवतात तसा मी हातानं कागद आत सरकवला. गेला तो तिरका गेला आणि बाहेर आला तो घड्या पडून, तेलानं माखून, भजी बांधून आणलेल्या कागदासारखा.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला, सनी त्याचं नाव. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं, वास घेतला आणि माझ्याकडं वळला. "आजोबा, ह्याला तेल कुणी घातलं?" मी ताठ मानेनं सांगितलं, मीच, आल्या आल्या, नियमच आहे तो. तो हसत हसत फरशीवरच बसला. "अहो, हा रबर कोरडाच लागतो! कोरडा असला तरच कागद ओढतो. तुम्ही त्याला न्हाऊ-माखू घातलंय." मी म्हटलं, आमच्या दाजींनी तर आम्हाला उलटंच शिकवलंय. तर म्हणतो, "मग दाजींना आमच्याकडं ट्रेनिंगला पाठवा." (हे त्याचे शब्द, माझे नव्हेत. मी त्याला चहा दिला, पण बिस्किटं आत ठेवली.)

रोळ पुसून घेतल्यावर कागद सरळ जायला लागले. निशिगंधाकडून मी निमंत्रकांची नावं घालून घेतली आणि तुमचं नाव मुद्दाम सगळ्यांच्या खाली, शेवटी नजर तिथंच थांबावी म्हणून वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरांत, चौकट आखून घालायला सांगितलं. छापून आलं. बघतो तर चौकटीची वरची रेघ आहे आणि तिथंच कागद संपलाय. मोबाईलची पत्रिका मोबाईलसारखी उंच, आणि कागद पडला बुटका. अंजलीनं काहीतरी बदललं, तर तुमच्या नावाची नुसती डोक्यावरची रेघ आली, अक्षरं नाहीत. ज्या नावासाठी मशीन आणलं, नेमकं तेच खातंय! पुन्हा बदललं, तर सगळं मावलं, पण औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेएवढं बारीक. तुमच्या डोळ्याला ते झेपणार नाही. मोठं केलं तर पत्रिका दोन कागदांवर आली, नवरदेव वरच्या कागदावर आणि नवरी खालच्या. बुद्धभूषण म्हणाला, चिकटपट्टी लावा. मी म्हटलं, लग्न लागायच्या आधीच चिकटवायची पाळी आली, हे काही शुभ लक्षण नाही. (आपण शुभ-अशुभ मानत नाही, पण तोंडातून गेलं.)

या गोंधळात रंगाची डबी संपली. मी म्हटलं, संपू दे, काळ्यात काढू, काळी डबी भरलेली आहे. तर मशीन ऐकेना. रंग नाही तर काळंही नाही. एका खात्याचा संप, आणि सगळ्या कंपनीला टाळं! आपल्या संपात निदान बोलणी करायला युनियनची माणसं होती, याच्याशी बोलायला कोण जाणार? नवी डबी आणायला गेलो आणि तिची किंमत ऐकून गणराजसमोर पुन्हा त्याच खुर्चीवर बसलो. त्यानं न सांगता पाणी आणलं.

शेवटी आम्रपालीच मदतीला आली. कामावरून आली, जमिनीवर पडलेले कागद बघितले आणि म्हणाली, "आबा, कुणासाठी चाललंय एवढं?" मी म्हटलं, दाजींसाठी, त्यांचं नाव खाली कापलं जातंय. ती म्हणाली, "मग वर घाला की. सगळ्यात वर. वर असलं तर कसं कापलं जाईल?" एवढी डोकी घरात असून कुणाला सुचलं नव्हतं! तसंच केलं. तुमचं नाव आता सगळ्यात वर, फोटोंच्याही वर, चौकटीसकट आलं आहे. बघणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं लग्न तुमचंच आहे. (अक्काला दाखवताना जरा सांभाळून.) ही पत्रिका घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून सोबत पाठवतो आहे. आपल्या घरात अशी एकच निघाली आहे, आणि दुसरी निघेल असं मला वाटत नाही.

दाजी, मी बोलावण्यात कमी पडलो. घरी येऊन, हातात पत्रिका देऊन, तुमच्या चुलीजवळ बसून बोलवायला हवं होतं. येणं न येणं आता तुमच्या मनावर. मी आग्रह करत नाही. अक्काला आणि पोराबाळांना माझा जयभीम.

तुमचा
धोंडीबा

ता. क. पत्रिका पाकिटात घालताना नीट वाचली. तुमचं नाव वर चढल्यामुळे बाकीचं खाली सरकलं आणि लग्नाची तारीख, वेळ आणि ठिकाण हे मशीननं खाल्लं आहे. ते हातानं लिहितो: बुद्धपौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार, सकाळी साडेअकरा. चाकणकडून निघोज्याला वळल्यावर डाव्या हाताचं कार्यालय, बाहेर चंदेरी कमान आहे. नवरदेवाचं नाव प्रज्वल, हे छापलेलं आहेच, पण शाई कमी पडल्यानं फिकट दिसतंय.

ता. क. दुसरा. आग्रह करत नाही असं वर लिहिलं ते खोडायला हवं, पण खाडाखोडीचं पत्र मोठ्या माणसाला पाठवू नये, म्हणून इथं लिहितो. दाजी, तुम्ही याच. मानासाठी म्हणत नाही, मला गरज आहे. साखरपुड्याला तुम्ही डोळ्यामुळं आला नाहीत. नवरदेवाकडची ही मारुंजीची माणसं शिकलेली, मोठमोठ्या पगारांची, गोड बोलणारी. ते एकेक सांगत गेले आणि मी नुसतं "बरं, बरं" म्हणत गेलो. त्यामुळं चिंचवडचं लग्न निघोज्याला गेलं, पंगत जाऊन उभ्यानं जेवण आलं, आणि मिरवणुकीत कसली तरी धुराची मशीनं येणार आहेत. माझ्या लग्नातली सगळी बोलणी तुम्ही केलीत, बुद्धभूषणच्या लग्नातलीही तुम्हीच. मला बोलायची सवय लागणार कुठून? मी तुमच्या शेजारी उभा राहून मान हलवायला शिकलो, तेवढंच मला येतं. तेव्हा अक्काला घेऊन आधी या.

ता. क. तिसरा. पत्र पोस्टात टाकायला निघालो आणि अक्काचा फोन आला. तुम्ही कोट इस्त्रीला दिलाय, केसांना कलप लावलाय आणि एसटीची तिकिटंही थोरल्याकडून काढून घेतली आहेत, असं कळलं. (मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका.) म्हणजे वरचं सगळं लिहायची गरज नव्हती, पण आता लिहिलंय तर पाठवतो. फक्त एक करा. रुसवा गावी सोडून येऊ नका, सोबतच आणा, म्हणजे माझं राहिलेलं बोलावणं मला पुरं करता येईल. कमानीखाली थांबा. मी सगळ्यांसमोर बाहेर येऊन हात जोडीन, समजूत काढीन, मोठ्यानं चुकलो म्हणीन. तुम्ही मान फिरवा, दोनदा खुशाल नाही म्हणा. तिसऱ्यांदा मात्र आत चला, कारण तोवर मारुंजीची माणसं येऊन खुर्च्यांवर बसलेली असतील आणि तुमच्याशिवाय त्यांच्यासमोर मी एकटा असेन.